हरणाबाईला दाखवायची नदी

नानासो पेंटरांनी बासष्टाव्या वर्षापर्यंत एकही चित्र काढलं नव्हतं, असं म्हटलं तर पलूस तालुक्यातली निम्मी माणसं भांडायला उठतील. सोसायटीच्या भिंतीवरचा बैल त्यांचा, दूध संस्थेवरची गाय त्यांची, तालमीतला मारुती त्यांचा आणि ट्रॉल्यांच्या मागचे मोर तर मोजायलाच नकोत. पण नानासो स्वतः ह्यातल्या कशालाच चित्र म्हणत नसत. काम म्हणत. बैल हेही काम आणि 'येथे कचरा टाकू नये' हेही कामच. चित्र असं त्यांनी पहिल्यांदा काढायला घेतलं ते बायकोला घरी परत आणायचं म्हणून. ह्या वयात लोक तीर्थयात्रेला जातात, आणि हे गृहस्थ रंगपेटी घेऊन शिकवणीला निघाले.

हरणाबाई चार वर्षं साताऱ्याला मुलाकडे होत्या. भांडून गेल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडून गेलेली बाई चार दिवसांनी राग निवला की परत येते. हरणाबाई दमून गेल्या होत्या.

त्यांचं घर नदीला लागून. दोन वर्षांच्या अंतरानं दोनदा कृष्णामाई घरात शिरली. दुसऱ्या खेपेला शाळेच्या वर्गात आठ दिवस काढून बाई घरी आल्या, तर स्वयंपाकघरात गुडघाभर चिखल. तो पाटीनं उपसून अंगणात टाकायचं काम त्यांनी एकटीनं चालवलं होतं, कारण नवरा कामावर होता. कुठल्या कामावर? तर पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण गावातल्या घराघरावर रंगवायचं काम ग्रामपंचायतीनं त्यांना दिलं होतं. दोन बोटं जाडीची लाल रेघ आणि खाली तारीख. सोळा घरं झाली आणि सतरावं स्वतःचं आलं. नानासोंनी माजघराच्या भिंतीवर खडू लावलेली दोरी ताणून धरली, मधे उचलून फट्‌कन सोडली. रेघ उमटली. वर लाल रंग चढवला, खाली सुबक अक्षरांत तारीख घातली, दोन पावलं मागं सरून मान तिरपी करून पाहिलं आणि हाक मारली, "हरणे, बघ गं, कसं झॅक बसलंय!"

बाई चिखलाची पाटी कमरेवर घेऊन दारात आल्या. रेघ त्यांच्या डोक्याच्या वर वीतभर होती.

"ह्याच्याखाली मी निजू?" त्या म्हणाल्या.

"सरकारी खूण हाय. काढाय येत न्हाई."

बाईंनी पाटी अंगणात नेऊन रिकामी केली. पुढच्या महिन्यात सुनेच्या बाळंतपणाला म्हणून साताऱ्याला गेल्या, त्या गेल्याच. बाळ रांगलं, चाललं, बालवाडीत जायला लागलं. हरणाबाईंचा परतीचा विषय काही निघेना.

नानासोंना आपली चूक कळली नाही असं नाही. कळायला वर्ष लागलं एवढंच. त्यांनी रेघेवर चुना मारला. लाल रंग मोठा चिवट, चुन्यातून पुन्हा गुलाबी होऊन वर यायचा. तीन हात मारले, तिन्ही खेपेला आला. शेवटी छिन्नी-हातोडा घेऊन त्यांनी भिंतीचा गिलावाच ठोकून काढला, नवा केला आणि मोठ्या उमेदीनं फोन लावला. "रेघ गेली बघ."

"रेघ गेली, पर पाणी गेलं व्हय?" हरणाबाई म्हणाल्या. "काय हाय तिथं आता माझं?"

ह्याचं उत्तर नानासोंकडे होतं, पण ते सांगता येईना. जन्मभर दुसऱ्यानं लिहून दिलेला मजकूर रंगवलेला माणूस, स्वतःचा मजकूर कुठून आणणार? त्यांच्या डोळ्यापुढे होती ती पौष-माघातली सकाळ. हरणाबाई धुणं घेऊन घाटावर निघायच्या ती वेळ. नदीवर धुकं बसलेलं असायचं, पलीकडचा ऊस दिसायचा नाही, नुसता असल्यासारखा वाटायचा, आणि बाई पायरीवर उभं राहून म्हणायच्या, "मायचं अजून उजाडलं न्हाई वाटतं." पस्तीस वर्षं हे एकच वाक्य, आणि ते म्हणताना आवाजात अशी काही माया यायची की ती नवऱ्याच्या वाट्याला कधी आली नाही. तिथं तुझं हे आहे, एवढंच नानासोंना सांगायचं होतं. त्यांनी मोबाईलवर फोटो काढून पाठवला. सुनेनं, अंकितानं, तो सासूला दाखवला. फोनवर मागून हरणाबाईंचा आवाज आला, "काय पेटलंय तिथं? लय धूर दिसतुय."

मग नानासोंनी फोटो पाठवायचं सोडलं. भाकरी थापायला ते शिकले होते, पण थापलेली खायला एकट्यानं बसायचा त्यांना कंटाळा यायचा. उभ्यानंच खायचे.

कामही आटलं होतं. फ्लेक्सच्या मशिनीनं पेंटर लोकांचं कंबरडं केव्हाच मोडलं होतं. त्यामुळे सांगलीच्या गावभागातून एका बाईंचा निरोप आला, की मला हातानंच रंगवलेली पाटी पाहिजे, तेव्हा नानासोंना पहिल्यांदा थट्टाच वाटली. बाईंचं नाव अपूर्वा. तिशीची मुलगी, पुण्याला चित्रकला शिकून आलेली. वडिलांच्या घराच्या पुढच्या खोलीत रविवारी चित्रांचा वर्ग घ्यायची. नानासो पाटी लावायला गेले, आणि खोलीत टेबलावर एक जाडजूड पुस्तक उघडं पडलं होतं, ते बघून हातातला खिळा हातातच राहिला.

पुस्तकात नदी होती. परमुलखातली, पण नदीच. वर धुकं, मधे नारिंगी सूर्य, खाली होडीसारखं काहीतरी. नानासोंनी जवळ जाऊन पाहिलं तर होडी नाही, नुसते फराटे. मागं सरले तर पुन्हा होडी.

"हे अर्धंच सोडलंय वाटतं, म्याडम," ते म्हणाले.

"नाही काका, पूर्ण आहे," अपूर्वा म्हणाली. "इम्प्रेशनिस्ट म्हणतात ह्यांना. फ्रान्सचे चित्रकार, दीडशे वर्षांपूर्वीचे. नदीकाठी जाऊन बसायचे आणि वस्तू काढायच्या ऐवजी त्या घटकेचा उजेड काढायचे."

"उजेड काढाय येतुय?"

"येतो. शिकवते मी."

तर असे नानासो पुढच्या रविवारपासून शाळकरी पोरांच्या आणि दोन निवृत्त शिक्षिकांच्या शेजारी जाऊन बसले. चाळीस वर्षं हातात ब्रश, तेव्हा हे आपल्या डाव्या हाताचा मळ, अशी त्यांची खात्री होती. ती खात्री पहिल्या तासात उतरली. त्यांनी कॅनव्हास घेतला, खिशातून दोरी काढली, खडू चोळला आणि फट्‌कन रेघ मारली. पाण्याची पातळी. अपूर्वा बघतच राहिली. मग त्यांनी दीड तासात नदी काढून दिली. निळंशार पाणी, काठावर चार झाडं, प्रत्येक झाडाला काळी किनार, आणि उजव्या कोपऱ्यात सावलीच्या अक्षरांत 'नानासो पेंटर' आणि खाली मोबाईल नंबर. मागच्या बाकावरच्या एका कारट्यानं लगेच तो नंबर लावला. नानासोंच्या खिशात फोन वाजला आणि सगळा वर्ग हसला.

अपूर्वा हसली नाही. तिनं त्यांच्या पेटीतली काळ्या रंगाची ट्यूब काढून घेतली आणि आपल्या कपाटात टाकली.

"काळ्याबिगर सावली कशी काढायची वो?" नानासो खरोखरच घाबरले.

तिनं त्यांना अंगणात नेलं आणि पांढऱ्या भिंतीवर पडलेली जास्वंदीची सावली दाखवली. "रंग सांगा."

"काळा."

"नीट बघा."

नानासोंनी बराच वेळ पाहिलं. सावली निळी होती. कडेला तर चक्क जांभळी होती. आयुष्य रंगात गेलं आणि आपण कधी सावलीकडे बघितलंच नाही, ह्याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी ते पुढं काही न काढता घरी आले.

पण बघितलं म्हणून हात थोडाच सुधारतो? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. काळा गेला तर नानासो गडद निळ्यानं किनार काढायला लागले. दोरी घरी ठेवून आले तर नजरेनं रेघ मारायला लागले. "काका, पाणी काढू नका, पाण्यावर काय पडलंय ते काढा," अपूर्वा सांगायची. "डोळे अर्धे मिटा. ऊस आहे, झाड आहे, हे विसरा. तिथं कुठला रंग आहे एवढंच बघा. ठिपका ठेवा आणि हात उचला. घोटू नका." नानासो मान हलवायचे आणि घोटायचे. सफाईदार घोटलेला रंग हीच तर त्यांची पंचक्रोशीत कीर्ती होती. 'नानासोच्या कामात ब्रशचा केस दिसत न्हाई' म्हणायचे लोक. आणि इथं ही मुलगी म्हणत होती, केस दिसू दे.

त्यातच त्यांनी एक मोठा उद्योग केला. कॅनव्हासवरचा तेलरंग चार दिवस झाले तरी वाळेना, म्हणून पेंटर लोकांच्या युक्तीनं त्यात थोडा इनॅमल मिसळला आणि वर पेट्रोलचा हात दिला. सकाळी बघतात तर सगळ्या नदीला सुरकुत्या. दुधावर साय धरावी तसा रंग गोळा झालेला. ते तसंच उचलून त्यांनी वर्गात नेलं.

"काका, हा रंग महिनाभर ओला राहतो. त्याला घाई चालत नाही."

"महिनाभर? गिऱ्हाईक थांबंल व्हय तवर?"

"गिऱ्हाईक कोण आहे?"

नानासोंनी ब्रश उचलला. मग खाली बघत, ब्रश पुसता पुसता, त्यांनी सगळं सांगितलं. पाणी, चिखल, रेघ, गिलावा, फोन. "तिला वाटतंय तिथं काय न्हाई आता. हाय ते दाखवायचंय. बघितलं तर येईल ती." अपूर्वानं ऐकून घेतलं. ती म्हणाली, "मग फोटोवरून काढू नका. घाटावर बसा. त्याच वेळेला, रोज."

त्या हिवाळ्यात नानासो रोज घाटावर बसले. पहाटे उठायचं, चहा करायचा, रंगाची पेटी एका हातात आणि लोखंडी स्टूल दुसऱ्या हातात घेऊन अठ्ठावीस पायऱ्या उतरायच्या. गुडघे कुरकुरायचे. धुणं धुणाऱ्या बायका पहिले दोन दिवस पदर सावरून बसल्या, मग विसरल्या. धोंडुबाई मात्र म्हैस पाण्यात घालताना रोज न चुकता विचारायची, "आवं, कवा व्हायचं ह्ये? माझी म्हस व्याल पर ह्ये काय व्हईना."

आणि होत नव्हतंच. उजेड थांबायला तयार नव्हता. नानासो पाण्यातला राखाडी रंग कालवून तयार करेपर्यंत तिथं गुलाबी आलेला असायचा. गुलाबी कालवावा तर सूर्य वर यायचा आणि धुकं फाटायचं. वीस मिनिटांचा खेळ. मग सगळं नेहमीचं, उघडंवाघडं, पलीकडं ऊस, अलीकडं प्लास्टिक. वीस मिनिटांसाठी अठ्ठावीस पायऱ्या खाली आणि अठ्ठावीस वर. एका सकाळी स्टुलावर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली आणि जाग आली तेव्हा ऊन तोंडावर होतं. ते तसेच बसून राहिले. आपण कशाला हे करतोय, मुकाट्यानं साताऱ्याला जाऊन राहावं, नातवाला शाळेत सोडावं, टीव्ही बघावा, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरले. जिद्द वगैरे काही नव्हती. दुसरं काही करायला नव्हतं, आणि घरात बसलं की घर फार मोठं वाटायचं.

सहा कॅनव्हास वाया गेले. सातव्याला काय झालं हे नानासोंनाही सांगता आलं नसतं. बहुधा ते इतके दमले होते की घोटायचं त्राणच राहिलं नव्हतं. थंडी मी म्हणत होती, बोटं आखडली होती. त्यांनी डोळे अर्धे मिटले, दिसेल तो रंग उचलला, ठेवला, हात उचलला. जांभळट, मग राखी, मग पिवळ्याची एक कणी. उजवीकडं पाण्यात काहीतरी गडद दिसलं, तिथं निळा आणि तांबूस एकत्र करून एक डाग ठेवला. काय आहे ते बघत बसले नाहीत. धुकं फाटलं तेव्हा ब्रश खाली ठेवला आणि वर गेले. घरी जाऊन कॅनव्हास भिंतीला टेकवला, चुलीशी गेले, सहज वळून पाहिलं. नदी होती.

रविवारी अपूर्वानं ते खिडकीपाशी उजेडात नेऊन पाहिलं. नानासोंनी सवयीनं ब्रश उचलला, म्हणाले, "ह्या कडंला जरा सफाई मारतु." तिनं त्यांच्या हातातून ब्रश काढून घेतला. "काका, तुम्हाला आता ह्याला हात लावायची परवानगी नाही."

ते वाळायला दीड महिना लागला. नानासो रोज कोपऱ्यात करंगळी लावून बघायचे. दरम्यान फोनवर ते काही बोलले नाहीत. फक्त एकदा विचारलं, "आलीस तर कुठली खोली झाडून ठिवू?" आणि हरणाबाई म्हणाल्या, "कोण येतंय?" पण मागच्यासारखं तोडून बोलल्या नाहीत. निदान नानासोंना तसं वाटलं. त्यांनी माजघर झाडून घेतलं, गादीला ऊन दाखवलं.

फाल्गुनात एका शनिवारी ते निघाले. दोन प्लायवूडच्या मधे चित्र, भोवती जुनं धोतर आणि सुतळी. कंडक्टर म्हणाला वर टाका, पण नानासोंनी पलूसपासून कराडपर्यंत आणि कराडपासून साताऱ्यापर्यंत ते मांडीवर उभं धरलं. साताऱ्याला उतरले तेव्हा मांड्यांना मुंग्या आल्या होत्या. मुलगा धैर्यशील एमआयडीसीत पाळीला गेला होता. अंकितानं दार उघडलं, पाणी दिलं. हरणाबाई खाटेवर बसून शेंगा सोलत होत्या. चार वर्षांत त्या वाळल्या होत्या, हे नानासोंना प्रत्येक खेपेला नव्यानं दिसायचं.

"ह्ये काय आणलं? दार हाय का काय?" त्या म्हणाल्या.

नानासोंनी सुतळी सोडली आणि चित्र समोरच्या खुर्चीवर ठेवलं. हात मागं बांधून ते उभे राहिले.

हरणाबाईंनी आधी नुसतं पाहिलं. मग ओटीतल्या शेंगा बाजूला ठेवल्या. उठल्या, जवळ गेल्या, आणि जवळ गेल्यावर काही दिसेना म्हणून पुन्हा मागं येऊन खाटेवर बसल्या.

"आठ वाजायचं हायती," त्या म्हणाल्या. "धुणं घिऊन निघायची येळ."

नानासो उजेडाच्या आड येत होते, ते बाजूला सरकले.

"ह्यो पलीकडला ऊस. तोडाय आलेला दिसतुय." त्या अंकिताला बोलावून दाखवायला लागल्या. "आन ही बघ, ही धोंडुबाईची म्हस. पाण्यात घातली की हलत न्हाई रांड." तो उजवीकडचा डाग. नानासोंनी म्हैस म्हणून तो काढलाच नव्हता. "आन हितं ह्या पायरीवर माझा दगड." दगड तर चित्रात नव्हताच, पण हरणाबाईंना दिसत होता. मग त्या चित्राकडं बघून अगदी हळू म्हणाल्या, "मायचं अजून उजाडलं न्हाई वाटतं." आणि हसल्या. चार वर्षांत नानासोंनी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्यानं ते लपवले नाहीत.

रविवारी दोघांनी मिळून निघायचं, कराडला रसवंतीत बसायचं, संध्याकाळच्या आत घर गाठायचं, असा सगळा बेत त्यांच्या मनात एका क्षणात उभा राहिला. "मग," ते म्हणाले, "कवा निघायचं?"

"कुठं?"

"घरी."

"आवं, आता कशापायी?" हरणाबाई मोकळेपणानं म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. "खरं सांगू का, लय दीस मनात यायचं. एकदा जावं, नदी डोळं भरून बघावी, आन जीव रमला तर ऱ्हावं बी तिथंच. रेघ घालवलीसा तवापस्नं तर रोजच यायचं. पर पाण्याचं भ्या वाटायचं, धीर व्हईना. आता तुमी नदीच हितं आणलीसा की. ही काय वाढायची न्हाई, घरात शिरायची न्हाई. माझी मिटली बगा चिंता."

नानासो उभेच होते. अंकितानं चहाचा कप हातात दिला, तो त्यांनी घेतला. आपण सहा वेळा वाया घालवलं तसंच हे सातवंही वाया गेलं असतं, तर ही बाई आज ना उद्या नदी बघायला आली असती. हा विचार त्यांना आला, आणि त्याच्यामागून बायकोचं हसणं आठवून बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटत होतं, आणि दोन्हीनं दमायलाच होत होतं.

संध्याकाळी धैर्यशील आला. त्यानं आईच्या खाटेसमोर भिंतीला भोक पाडून चित्र टांगलं. हरणाबाईंनी शेजारच्या बायकांना बोलावून आणलं. "आमचं गाव," त्या सांगत होत्या. "आन ही आमची नदी. ह्यांनी काढलीया." एका बाईनं विचारलं, "हे कधीपासून चित्रं काढतात?" तेव्हा हरणाबाई अभिमानानं म्हणाल्या, "पयल्यापस्नं."

दुसऱ्या दिवशी नानासो एकटेच निघाले. हरणाबाई पिशवीत शेंगांची चटणी घालत म्हणाल्या, "तुमीच या की आता हिकडं ऱ्हायाला. एकलं काय करता तिथं?"

"बघू की."

"आन त्ये..." त्या जरा घुटमळल्या, लाजल्यासारख्या झाल्या. "उन्हाळ्यातली बी एक काढता का? पाणी आटतंय, खडक वर येत्याती, पोरं डुंबत्याती. ती बी लय ग्वाड दिसती. तिकडल्या भिंतीला जागा हाय."

नानासोंनी तिकडच्या भिंतीकडं पाहिलं. जागा होती.

"आणतु," ते म्हणाले, आणि पिशवी उचलून एस्टी स्टँडकडं निघाले.